बोटांखाली गाद्या नसलेली पाल : मॉरिशसच्या बेटांवरची नॅक्टस घरपालीपुढे नेमकी कुठे हरते?

कातळवाट

नमस्कार मंडळी,

मॉरिशसच्या आसपासच्या छोट्या बेटांवर नॅक्टस वंशाच्या तीन निशाचर पाली उरल्या आहेत. मुख्य बेटावर या वंशाची जुनी हाडं सापडतात, जिवंत पाल मात्र एकही नाही. त्यांच्या ऱ्हासाबद्दल वाचताना दोन वाक्यं हमखास भेटतात : "उंदरांनी संपवल्या" आणि "बाहेरून आलेल्या घरपालीने हुसकावल्या". पहिलं कळतं. दुसऱ्यापाशी मी अडतो आहे.

ही घरपाल म्हणजे हेमिडॅक्टिलस फ्रेनॅटस, आपल्या ट्यूबलाइटमागे चक-चक करणारीच. ती किडे खाते, नॅक्टसही किडे खाते. पण समुद्रपक्ष्यांच्या बेटांवर किड्यांना तोटा नसावा. मग हुसकावणं म्हणजे नक्की काय? अन्न पळवणं, मारामारी, की आणखी काही? आणि घरपाल इतकी वरचढ असेल तर काही बेटांवर नॅक्टस तिच्या शेजारी टिकून कशी राहिली?

शिवाय :
- तिन्ही जाती ओळखायच्या कशा, आणि घरपालीपासून रात्रीच्या अंधारात वेगळ्या कशा काढायच्या?
- बोटांखाली गाद्या (भिंतीला चिकटणारे रुंद भाग) नाहीत म्हणजे ही पाल कमी दर्जाची चढणारी आहे, असं समजायचं का?

ढोबळ नको, शक्य तितकं नेमकं सांगा.

---

रातवा

आधी ओळखपाळख, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

नॅक्टस हा वंश क्लूगे यांनी १९८३ मध्ये वेगळा काढला. त्याचे बहुतेक सदस्य न्यू गिनी, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवर आहेत. मॉरिशसकडच्या जाती त्यांच्यापासून अख्खा हिंदी महासागर ओलांडून पलीकडे, एकट्या पडलेल्या. शेजारच्या रेयुनियनवरही एक होती, नॅक्टस सोनिए. ती फक्त हाडांवरून माहीत आहे, २००८ मध्ये तिचं नाव ठेवलं गेलं तेव्हा ती केव्हाच नामशेष झालेली होती.

आज जिवंत असलेल्या तीन :

नॅक्टस सर्पेन्सिन्सुला. वर्णन १९५१, लव्हरिज. सर्पंट बेटावरची. हे बेट साधारण ३१ हेक्टरचं, जवळजवळ उघडा कातळ, वर समुद्रपक्ष्यांची दाटी. बेटाच्या नावात साप असला तरी बेटावर एकही साप नाही. चार किलोमीटरवरच्या राउंड बेटावर साप आहेत आणि ते बेट गोल नाही. नकाशा काढणाऱ्यांकडून दोन नावांची अदलाबदल झाली असावी असं मानतात.

नॅक्टस ड्युरेली. राउंड बेटावरची. अर्नोल्ड आणि जोन्स यांनी १९९४ मध्ये हिचं वर्णन केलं ते सर्पंटच्या पालीची उपजात म्हणून, पुढे ती स्वतंत्र जात मानली गेली. नाव वन्यजीव संवर्धक जेराल्ड आणि ली ड्युरेल यांच्यावरून. त्यामुळे जुन्या लेखात "राउंड बेटावरची सर्पेन्सिन्सुला" असं दिसलं तर ती चूक समजू नका, तेव्हाचं नावच ते.

नॅक्टस कॉइनडेमिरेन्सिस. वर्णन १९८५, बुलक, अर्नोल्ड आणि ब्लॉक्सम. तिघींत सर्वांत लहान. क्वां द मीर या बेटावरून नाव पडलं, त्यालाच इंग्रजीत गनर्स कॉइन म्हणतात. दोन्ही नावांचा अर्थ एकच : तोफेची नळी वर-खाली करायला तिच्याखाली सारतात ती लाकडी पाचर. बाजूने पाहिलं तर बेट तसंच दिसतं. ही पाल त्याच एका बेटापुरती नाही, आणखी काही खडकाळ बेटांवरही आहे.

तिन्ही जातींची बेटं वेगवेगळी, त्यामुळे बेट ठाऊक असेल तर जात ठरवायला डोकं खाजवावं लागत नाही. खरा घोळ होतो तो नॅक्टस आणि घरपाल यांच्यात, विशेषतः घरपालीच्या पिलांशी. तिथे रंगाच्या भरवशावर अजिबात राहू नका. दोघीही गडद होतात, फिक्या होतात. बोटं पाहा.

घरपालीचं बोट मधे रुंद असतं. खडकावर ते पाटासारखं सपाट टेकलेलं दिसतं, नख त्याच्या पुढे बारीकसं बाहेर. आतलं पहिलं बोट तर फारच आखूड. शेपटीवर बारीक काट्यांची कडी असतात (शेपूट नव्याने उगवलेली असेल तर ती दिसत नाहीत, म्हणून नुसत्या शेपटीवरही विसंबू नका).

नॅक्टसचं बोट बारीक, मुळापासून टोकापर्यंत जवळपास सारखंच. मधल्या सांध्यात ते कमानीसारखं वर उचललेलं असतं आणि पुढे नख खाली रोवलेलं. चिमणीचा पाय दगडावर टेकलेला आठवा, तसं. पाठीवर बारीक कणीदार उंचवट्यांच्या रांगा असतात, टॉर्चचा उजेड तिरका धरला की त्यांच्या सावल्या उठून दिसतात. समोरून सरळ उजेड मारला तर पाठ गुळगुळीत भासते आणि मग गफलत होते. फोटो काढायचा असेल तर पाठीचा एक आणि मागच्या पायाच्या बोटांचा बाजूने एक, असे दोन काढा. दुसरा नसेल तर पहिल्याचा फारसा उपयोग नाही.

घरपाल ओरडते हे खरं, पण आवाज आला नाही म्हणून ती नाही असा निष्कर्ष कधीच काढू नये.

---

नखशिखांत

रातवा यांनी बोटांपर्यंत आणून सोडलंय, तिथूनच पुढे जातो. सगळं प्रकरण बोट आणि जमीन यांच्या जोडीत आहे.

घरपालीच्या गादीखाली आडव्या पट्ट्या असतात आणि त्या पट्ट्यांवर सूक्ष्म केस. तोके या मोठ्या पालीवर हे सर्वांत बारकाईने मोजलं गेलं आहे : एक केस साधारण मिलिमीटरचा दहावा भाग लांब, त्याचं टोक शेकडो शाखांत फुटलेलं, प्रत्येक शाखेचं टोक सपाट. ही टोकं पृष्ठभागाच्या इतकी जवळ जातात की रेणू-रेणूंमधलं क्षीण आकर्षण, ज्याला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात, तेच एकत्र मिळून अख्ख्या पालीचं वजन पेलतं. ना चिकट द्रव, ना हवेची पोकळी. २००२ मध्ये हे प्रयोगाने पक्कं झालं.

या यंत्रणेला दोन गोष्टी लागतात. टोकांना टेकायला पुरेशी जागा, आणि ज्याला टेकायचं तो पृष्ठभाग स्वतः जागचा न हलणारा. भिंत, काच, पान, गुळगुळीत बसाल्ट (थिजून टणक झालेला लाव्हा), ताडाचं खोड : सगळीकडे घरपाल राणी आहे. पण मॉरिशसच्या उत्तरेकडच्या बेटांवर बराचसा खडक टफ आहे, म्हणजे ज्वालामुखीची राख दाबून घट्ट झालेली. त्यावरून हात फिरवला तर बोटांना रवाळ कणी लागते, कोपरा दाबला तर तो ढासळतो. अशा जागी गादी खडकाला नाही, सुट्या कणाला चिकटते. भार पडला की कण निघून येतो आणि पाय घसरतो. नख मात्र खडबडीत जागी दोन कण्यांच्या मधे रुततं. म्हणून "नॅक्टस कमी दर्जाची चढणारी" हे उत्तर काचेपुरतं बरोबर आणि टफवर साफ चूक.

आता मूळ प्रश्न, हुसकावणं म्हणजे काय. यावर निक कोल, कार्ल जोन्स आणि स्टीफन हॅरिस यांचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालेलं काम नीट वाचण्यासारखं आहे. त्यांनी दोन्ही पाली मोठ्या बंदिस्त आवारात एकत्र ठेवून पाहिल्या. घरपालीने नॅक्टसला चावणं, जखमी करणं आणि खाणंही घडलं. पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट : घरपालीने नॅक्टसला दिवसाच्या लपणीतून आणि लपणीजवळच्या मोक्याच्या जागांवरून बाहेर ढकललं.

निशाचर पालीचं आयुष्य आपण रात्रीवरून मोजतो, आणि चुकतो. चोवीस तासांतला अर्धा वेळ ती कपारीत असते. कपार म्हणजे सावली, कपार म्हणजे ओलावा, कपार म्हणजे शिकाऱ्याची मान जिथवर पोचत नाही ती जागा. उघड्या कातळाच्या बेटावर दुपारी बाहेर राहिलेल्या छोट्या पालीला उन्हानेच मरण येतं. चांगल्या खोलीची, योग्य रुंदीची कपार मोजकीच असते. अन्न भरपूर असलं तरी कपारी भरपूर नसतात. घरपाल अंगाने मोठी, ती आधी आत शिरली आणि तोंडाशी बसली की लहान नॅक्टस कडेला येते. कडेला आलेली पाल पुढे गोमीने खाल्ली, सापसुरळीने खाल्ली की वादळात गेली, नोंदीत मारेकरी वेगळाच दिसतो. म्हणून अन्नाची स्पर्धा शोधत बसलेल्यांना काही सापडत नाही.

टिकण्याचं उत्तरही यातच आहे. जिथे टफ भुसभुशीत आहे आणि कपारीही त्याच खडकात आहेत, तिथे घरपालीला आत-बाहेर करणंच जड जातं. तेवढा भाग नॅक्टसला शत्रूविना मिळतो. कणखर, गुळगुळीत खडकाच्या बेटांवर ही सवलत नाही.

ताडून पाहायला दुसरीकडचं उदाहरण देतो. हवाईत याच घरपालीने लेपिडोडॅक्टिलस लुगुब्रिस या पालीला दिव्यांखालच्या भिंतींवरून मागे रेटलं. पेट्रेन आणि केस यांनी ओआहू बेटावरच्या जुन्या विमान-शेडच्या भिंतींवर प्रयोग केले, ते १९९८ मध्ये छापून आले. सपाट भिंतीवर घरपाल झपाट्याने किडे टिपून संपवत होती. भिंतीवर आडोसे उभे केल्यावर तिचा तो वरचष्मा कमी झाला. तिथे भांडण अन्नाचं, इथे लपणीचं, पण निकाल दोन्हीकडे पृष्ठभागानेच लावला.

---

कातळवाट

फार उपयोगी. एक शंका : घरपालीची गादी टफच्या धुळीने भरून निकामी होते, असंही वाचलंय. मग ते कारण की कण सुटण्याचं?

---

नखशिखांत

धूळ हे कारण अपुरं आहे. या गाद्या स्वतःला साफ करतात. २००५ मध्येच हे दाखवलं गेलं : मुद्दाम घाण केलेली गादी कोरड्या, स्वच्छ पृष्ठभागावर थोडी पावलं टाकली की पुन्हा पकड धरते, कारण कण केसांपेक्षा पृष्ठभागाला जास्त ओढीने चिकटतो. मात्र त्यासाठी पुढचं पाऊल स्वच्छ जागी पडायला हवं. टफवर पुढचं पाऊलही सुट्या कणांवरच पडतं. म्हणजे धूळ हा प्रश्न नसून घट्ट जागेचा अभाव हा प्रश्न आहे. फरक बारीक वाटेल, पण नियोजनात मोठा ठरतो. धुळीलाच कारण मानलं तर पावसाने धुतलेला टफ घरपालीला मोकळा होईल असं वाटेल. मुळात खडकच कणाकणाने सुटत असेल तर पाऊस पडून गेल्यावरही पकडीची पंचाईत राहणार.

---

खारा वारा

वरच्या चर्चेत घरपालीला जरा जास्तच श्रेय मिळतंय असं वाटतं, म्हणून दुसरी बाजू.

राउंड बेट पाहा. मॉरिशसच्या ईशान्येला साधारण २२ किमी, २१९ हेक्टर, उंची २८० मीटर. तिथे शेळ्या आणि ससे सोडले गेले आणि त्यांनी ताडाचं रान खाऊन माती धुपवली. शेळ्या १९७९ पर्यंत काढल्या, ससे १९८६ मध्ये. त्या धुपेत काय गेलं? मातीत शिरून राहणारा बोलिएरिया हा बोआ साप, १९७५ नंतर कोणाला दिसला नाही. आणि काय राहिलं? उघडा टफ, म्हणजे नॅक्टसचं घर. म्हणून झाडोरा नागवला जात असतानाही ड्युरेली तगली. त्या बेटावर उंदीर कधीच पोचले नाहीत आणि घरपालही नाही.

आता तिथे तिला खाणारे किती आहेत ते मोजा. खवल्यांवर मधोमध उभी धार असलेला कासारिया बोआ पाली खातो. टेलफेअरची सापसुरळी अंगाने थोराड, छोटे सरपटणारे प्राणी सोडत नाही. स्कोलोपेंड्रा अब्नॉर्मिस ही गोम तर फक्त राउंड आणि सर्पंट याच दोन बेटांवर सापडते आणि तिच्यापुढे छोट्या पालीचा टिकाव लागत नाही. एवढे शिकारी असूनही नॅक्टस हजारो वर्षं त्यांच्यासोबत आहे. नखशिखांत यांचा मुद्दा इथे पटतो : लपण शाबूत असेल तर शिकारी परवडतो.

पण लपणीतच घुसणारा शिकारी आला तर? तो म्हणजे चिचुंद्री. सुंकस म्युरिनस, तीच आपली ओळखीची, वासावर चालणारी, चिंचोळं तोंड फटीत घालणारी. उंदराला जिथे डोकं घालता येत नाही तिथे ही जाते. फ्लॅट बेटाचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं असं आहे. तिथे नारिंगी शेपटीची एक सापसुरळी १९९५ मध्ये सापडली, जगात फक्त तिथेच. २००८ ते २०१० या काळात तिच्यातल्या काही गनर्स कॉइनवर हलवल्या. त्यानंतर लगेचच फ्लॅटवर चिचुंद्री शिरली आणि तिथली मूळ वस्ती संपली. हलवलेल्या होत्या म्हणून जात वाचली. अवघ्या एक-दोन वर्षांचं अंतर.

चिचुंद्री एकदा आली की काढणं भयंकर अवघड. उंदरासाठी असलेलं धान्याचं विषारी आमिष ती नीट घेत नाही, कारण ती किडेखाऊ. सापळ्यांनी बहुतेक पकडल्या जातात, शेवटच्या थोड्या मात्र सापळ्याला बधत नाहीत आणि त्याच पुन्हा वस्ती उभी करतात. इल ओ एग्रेत या २६ हेक्टरच्या बेटावर मोठा प्रयत्न झाला, तरी चिचुंद्र्या उरल्याच.

भर म्हणून कवड्याच्या जातकुळीतला साप आणि आपला बागेतला सरडा, हेही मॉरिशसमध्ये बाहेरूनच आलेले. आपल्या अंगणातले हे सगळे प्राणी, आपल्याकडे निरुपद्रवी. तिथल्या छोट्या पालींना त्यांच्यासोबत राहण्याची सवयच नव्हती, एवढाच काय तो फरक, आणि तोच जिवावर बेततो.

बेटावर सामान नेणाऱ्यांसाठी, कारण चुका इथेच होतात :

पुठ्ठ्याची खोकी नकोत. त्यांच्या पन्हळीत घरपालीचं पिलू, अंडी, मुंग्या सगळं बसतं. झाकण घट्ट लागणारे प्लास्टिकचे डबे किंवा बादल्या घ्या.

सामान आदल्या रात्री दिव्याखाली उघडं ठेवू नका. पाल दिव्याला येते आणि पहाटे जवळच्या फटीत, म्हणजे तुमच्या घडी केलेल्या तंबूत जाते. भरणं दिवसा करा, फिकट फरशीच्या बंद खोलीत. प्रत्येक पिशवी रिकामी करून उलटी झटका, शिवणी आणि खिसे बोटाने तपासा, बुटांच्या तळव्यातल्या आणि वेल्क्रोतल्या बिया चिमट्याने काढा. बंद केलेला डबा बेटावर पोचेपर्यंत उघडायचा नाही, आणि तिथेही बंद तंबूच्या आतच उघडायचा, म्हणजे निसटलेलं काही असलं तर आतच पकडता येतं.

लाकडी फळ्या सर्वांत वाईट. घरपाल एका वेळी दोन अंडी घालते, कवच कडक, फटीत सुरक्षित. शिवाय मादी नराचं वीर्य महिनोन्‌महिने साठवून ठेवते. म्हणजे "एकच पाल होती, जोडी नव्हती" या समाधानाला अर्थ नाही. एक मादी पुरे.

---

दीपस्तंभ

खारा वारा यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून, स्थलांतराबद्दल. म्हणजे एका बेटावरच्या पाली उचलून दुसऱ्या सुरक्षित बेटावर वस्ती उभी करणं. नॅक्टससाठी बेट निवडताना लोक आधी क्षेत्रफळ आणि झाडी पाहतात. माझ्या मते क्रम उलटा हवा.

पहिलं, घरपाल आहे का. असेल तर दुसरं, कपारी कोणत्या खडकात आहेत. अख्ख्या बेटाचा खडक पाहून भागत नाही. चालायची जागा टफची आणि कपारी मात्र टणक बसाल्टच्या, असं असेल तर दिवसाची लपण घरपालीच्याच ताब्यात जाणार आणि स्थलांतर फसणार. कपारीच्या आतल्या भिंतीवर बोट घासून पाहा, बोटाला कणी लागली पाहिजे. तिसरं, उंदीर आणि चिचुंद्री नाहीत याची खात्री, आणि ती एका फेरीत होत नाही, वेगवेगळ्या ऋतूंत पाहावं लागतं. गनर्स कॉइनवरून उंदीर १९९५ मध्ये काढले गेले, त्यानंतरच तिथे बाकीचं काही करता आलं : २००७ मध्ये टेलफेअरची सापसुरळी आणली, २०१२ मध्ये कासारिया बोआ. आधी भक्ष्य, मग भक्षक. हा क्रम मोडला तर खाणारा उपाशी मरतो किंवा खाल्ली जाणारी जात रुजण्याआधीच संपते.

प्रत्यक्ष नेताना प्रत्येक पाल स्वतंत्र कापडी पिशवीत किंवा हवेशीर डबीत. दोन एकत्र ठेवल्या की झटापटीत शेपूट जाते. शेपूट म्हणजे चरबीचा साठा, नव्या जागी पहिल्या आठवड्यात तोच कामी येतो. आत ओलसर टिश्यूचा तुकडा, थेंब गळणारा नाही, नुसता दमट. डबी सावलीत, कधीही बोटीच्या उघड्या फळीवर नाही. सोडायचं संध्याकाळी, आणि उघड्या खडकावर ठेवून नाही, तर कपारीच्या तोंडाशी डबी टेकवून, ती आपण होऊन आत जाईल असं. दुपारी सोडलेली पाल पहिली दिसेल त्या फटीत जाते आणि ती फट बहुधा चुकीची असते.

वेगवेगळ्या बेटांवरच्या कॉइनडेमिरेन्सिस एकत्र मिसळण्याआधी जनुकीय तपासणी हवीच. दिसायला सारख्या म्हणजे आतूनही सारख्या, असं धरून चालता येत नाही.

आणि घाईत करावं लागलं तर काय, त्याचंही उदाहरण आहे. २५ जुलै २०२० ला वाकाशियो हे जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर पुआंत देस्नीजवळ प्रवाळावर चढलं, ऑगस्टच्या सुरुवातीला तेल गळू लागलं. आग्नेयेकडच्या बेटांवरच्या छोट्या सरपटणाऱ्यांना धोका दिसताच ३० कॉइनडेमिरेन्सिस, ३० बोजरच्या सापसुरळ्या आणि ६ बुटॉनच्या सापसुरळ्या पकडून विमानाने जर्सीच्या प्राणिसंग्रहालयात नेल्या. हेतू असा की बेटावर काही झालंच तर बीज शिल्लक राहावं. छोट्या वस्तीच्या प्राण्याला दुसरं घर संकट येण्याआधी असावं लागतं. फ्लॅट बेटावर ते होतं म्हणून निभावलं.

---

कातळवाट

चित्र बरंच स्पष्ट झालं. शेवटचा प्रश्न. मॉरिशसला जाणाऱ्या माणसाला या पाली पाहता येतात का? आणि पाहिल्याच तर कुठली नोंद अभ्यासकांच्या खरोखर उपयोगी पडेल?

---

रातवा

राउंड आणि सर्पंट ही बेटं सर्वसामान्य पर्यटकांसाठी नाहीत, आणि तसंच असावं. इल ओ एग्रेतवर वाटाड्यासोबत जाता येतं, ते बेट मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन सांभाळतं. तिथे नॅक्टससाठी जाऊ नका, तिथे घरपाल आहे. पण गुंथरची मोठी फेल्सुमा पाल तिथे २०१० पासून सोडलेली आहे आणि ती दिवसा दिसू शकते. बाकी संरक्षित बेटांसाठी तिथल्या नॅशनल पार्क्स अँड कॉन्झर्वेशन सर्व्हिसची परवानगी लागते. सर्पेन्सिन्सुला तर साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. पकडणं, पाळणं, नमुना आणणं हे विषय डोक्यातूनही काढून टाका.

परवानगीने काम करणाऱ्यांसाठी नोंदीचं सांगतो. अंधार पडल्यावर तासाभराने सुरुवात करा, वारा फार असेल त्या रात्रीची तुलना शांत रात्रीशी करू नका. ठरावीक लांबीची एकच रेघ पुन्हा पुन्हा, त्याच वेगाने चाला. प्रत्येक पालीपुढे पाच गोष्टी : वेळ, जात, पहिली दिसली त्या क्षणी ती कशावर होती (सुटा टफ, घट्ट टफ, बसाल्ट, खोड, पालापाचोळा), जवळच्या कपारीपासून अंतर, आणि शेपूट मूळची की नवी उगवलेली.

चौथी आणि पाचवी नोंद बहुतेक जण गाळतात, आणि वरची सगळी चर्चा वाचली तर कळेल की त्याच दोन सर्वांत बोलक्या आहेत. नॅक्टस एरवी लपणीला धरून असते. एखाद्या बेटावर ती कपारीपासून लांब लांब दिसायला लागली आणि उगवलेल्या शेपट्यांचं प्रमाण मागच्या फेऱ्यांपेक्षा वाढलं, तर आकडा अजून घटलेला नसला तरी लपणीत कोणीतरी शिरलंय असं समजून शोध घ्यावा. उगवलेली शेपूट ओळखायला सोपी : मूळ शेपटीवर पाठीसारखी कणीदार नक्षी असते, नवी गुळगुळीत, फिक्या रंगाची, आणि जोडाच्या जागी एक खाच दिसते.

दिवसा दगड उचलून शोधायचं असेल तर अतिशय जपून. टफचा पातळ थर एकदा तुटला की ती कपार कायमची गेली, दगड परत ठेवून ती जुळत नाही. जो दगड मोकळा आहे तोच उचला, उचलताना आपल्याकडे कलता करा म्हणजे मागच्या बाजूने पाल निसटते आणि चिरडत नाही. खाली काही असो वा नसो, दगड आधी होता त्याच खुणेवर, त्याच बाजूने टेकवा. ओल्या-कोरड्याची रेषा दगडाच्या कडेवर दिसते, ती जमिनीशी जुळली की बरोबर बसला.